कॅमेरा नेमबाजाकडे वळवा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं जे वर्तुळ असतं, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. नळीतून तो सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. म्हणजे टार्गेटपर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचा सतरावा भाग पुरतो. फोनच्या नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ६० फ्रेम असतात असं धरलं, तर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत छर्रा जवळजवळ तीन मीटर पुढे गेलेला असतो. तीन-चार फ्रेममध्ये त्याचा सगळा प्रवास संपतो, आणि त्यातल्या एकाही फ्रेममध्ये तो दिसत नाही.

हे गणित आधी मांडायचं कारण असं, की नेमबाजीसाठी कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिली मागणी करतो ती ‘फास्ट’ कॅमेऱ्याची. दुसरी मागणी ‘झूम मोठा पाहिजे’ ही. दोन्ही मागण्या टार्गेटकडे बघून सुचलेल्या असतात. छर्रा कुठे लागला हे इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा मॉनिटर दशांशापर्यंत सांगतो. कागदी टार्गेट तर हातातच येतं. तो तिथे का लागला, हे मात्र मॉनिटर सांगत नाही. त्याचं उत्तर नेमबाजाच्या पायांत, कमरेत, मानेत आणि ट्रिगरवरच्या बोटात असतं. कॅमेऱ्याने ते टिपायचं असतं, आणि ही सगळी हालचाल तशी संथ आणि बारीक असते. एवढं लक्षात ठेवलं की कॅमेऱ्याची निवड बरीच सोपी होते आणि स्वस्तही.

भिवंडीच्या पालकांना हा विचार करायला आणखी एक कारण आहे. कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. तिथल्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत दहा मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात ते मिळवणारा तो दुसरा भारतीय. दोन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. घरातल्या पोराने ‘मलाही रायफल शिकायचीय’ म्हणावं, असा हा काळ आहे. पण वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज असो की पनवेलची सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी, भिवंडीहून तिथे रोज जाणं-येणं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये. साहजिकच प्रशिक्षकांसमोर मिळणारा वेळ थोडा आणि घरी, छर्रा न भरता केलेला सराव जास्त. या सरावाला सगळे ‘ड्राय’ म्हणतात. ड्राय करताना चूक कुठे होतेय हे सांगणारं घरात कोणी नसतं. ते काम कॅमेऱ्याला देता येतं, आणि त्यातला नेमका तुकडा प्रशिक्षकांना पाठवता येतो.

कॅमेरा उभा कुठे राहणार?

कोणता कॅमेरा घ्यायचा याच्या आधी तो कुठे ठेवायचा ते ठरवा. जागा ठरली की लेन्स, अंतर, स्टँड ही सगळी उत्तरं आपोआप येतात.

पहिली जागा नेमबाजाच्या बरोबर मागे, टार्गेटच्या रेषेत, खांद्याच्या उंचीवर. इथून दोन्ही पायांवरचा भार, कमरेचा कल आणि बंदुकीचं डावी-उजवीकडे डोलणं दिसतं. रेंजवर ही जागा बहुधा मिळते, कारण ती फायरिंग लाइनच्या मागे असते.

दुसरी जागा छातीच्या बाजूची. उजव्या हाताचा रायफल नेमबाज डावा खांदा टार्गेटकडे करून उभा राहतो, म्हणजे त्याची छाती उजवीकडे असते. कॅमेरा त्याच्या उजव्या बाजूला लागतो. पिस्तुलाचं उलटं. उजवा हात टार्गेटकडे ताणलेला, त्यामुळे छाती डावीकडे. कॅमेरा डावीकडे ठेवावा. या बाजूने शरीराचा पुढे-मागे जाणारा तोल, चीकपीसवर टेकलेला गाल, बरगडीला टेकलेलं कोपर आणि ट्रिगरचा हात दिसतो. अडचण एवढीच, की दहा मीटर रेंजवर एका नेमबाजाच्या वाट्याला जेमतेम एक मीटर रुंदीची लेन येते. तीन मीटर दूर कॅमेरा ठेवायचा म्हटलं तर मध्ये दोन-तीन नेमबाज उभे राहतात. ही जागा कडेची लेन मिळाली तर, रेंज रिकामी असताना किंवा घरीच वापरायची.

तिसरी जागा जवळची. फक्त ट्रिगरचं बोट आणि मनगट फ्रेममध्ये भरेल अशी. ही घरच्या ड्रायसाठी.

चौथी जागा बऱ्याच जणांना सुचते ती समोरची, टार्गेटच्या शेजारून. ती सोडून द्या. फायरिंग लाइनच्या पुढे कॅमेरा ठेवायला किंवा उचलायला जाणं म्हणजे नळीसमोर जाणं. घरी बंदूक रिकामी असली तरी समोर कॅमेरा आणि तो सरळ करायला आलेला भाऊ, ही सवय लावूच नये. टीव्हीवर नेमबाजाचा चेहरा समोरून दिसतो, पण तिथे माणूस नसलेले बसवलेले कॅमेरे असतात आणि सगळी रेंज अधिकाऱ्यांच्या ताब्यात असते.

आता अंतर. फोनच्या मुख्य लेन्सने, फोन उभा धरून, तीन मीटरवरून साधारण चार मीटर उंचीचं चित्र येतं. माणूस त्यात निम्माच भरतो. म्हणून लोक फोन जवळ नेतात आणि तिथे फसतात. दीड मीटरवरून घेतलेल्या चित्रात कॅमेऱ्याकडचा खांदा मोठा, पलीकडचा लहान दिसतो आणि सरळ पाठ वाकडी वाटते. त्यापेक्षा तीन मीटरवरच थांबून दोन पट झूम करा. माणूस टाचेपासून टोपीपर्यंत बसतो आणि अंगाची प्रमाणं बिघडत नाहीत. कॅमेऱ्याकडून एवढ्याच झूमची अपेक्षा आहे. दहा मीटरवरचं टार्गेट फ्रेमभर दिसावं एवढा झूम हवा म्हटलं, तर साधारण १८०० मिलिमीटरच्या तोडीची लेन्स लागेल. तो खर्च छर्ऱ्याचं भोक बघण्यासाठी करायचा, आणि ते तर मॉनिटरवर दिसतच असतं.

एक छोटी युक्ती इथेच सांगतो. नेमबाजाच्या मागच्या भिंतीजवळ ओळंबा लटकवा. गवंड्याचा खरा ओळंबा नसला तर दोऱ्याला नट बांधा, भिवंडीत सुताला काय तोटा! ओळंबा फ्रेममध्ये असला की व्हिडिओ थांबवून पाठीची रेषा त्याच्याशी ताडून बघता येते. ‘आज जरा मागे झुकलास’ हे मग कोणाचं मत राहत नाही. दोऱ्यापासून कंबर किती सरकली ते स्क्रीनवर बोटाने मोजता येतं.

फ्रेम किती आणि उजेड किती?

उभं राहण्याची ढब, श्वास, बंदूक उचलणं, नेम स्थिरावणं या सगळ्यासाठी सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम पुरेशा आहेत. ट्रिगरवर बोट घट्ट होतं की झटका देतं, एवढं बघायला १२० किंवा २४० फ्रेमचं स्लो-मोशन उपयोगी पडतं. पण ते अख्ख्या सरावाला लावू नका. २४० फ्रेमचा एक मिनिट ३० फ्रेमने बघायला आठ मिनिटं लागतात. एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉटसाठी ७५ मिनिटं असतात. ती सगळी स्लो-मोशनमध्ये घेतली तर बघायला दहा तास बसावं लागेल. कोणीच बसत नाही, आणि व्हिडिओ फोनमध्ये पडून राहतात.

स्लो-मोशनची दुसरी अडचण उजेडाची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि बऱ्याच स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहिलं तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचं एक पूर्ण आवर्तन येतं आणि चित्र स्थिर दिसतं. पण २४० फ्रेम काढताना शटर सेकंदाच्या २४० व्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही. प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळा तुकडा मिळतो आणि व्हिडिओ लपकतो, कधी त्यावर पट्टे सरकतात. कॅमेरा खराब निघाला असं समजून लोक दुकानात परत जातात. उपाय साधा आहे. स्लो-मोशन खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्या. रात्री घ्यायचं असेल तर ५० किंवा ६० फ्रेमवर राहा आणि सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर आहे का ते पाहा.

रेंजवरचा उजेड आणखी एक पेच टाकतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बंदिस्त रेंजमध्ये टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड लागतो, बाकी हॉलमध्ये ३०० लक्स चालतो. म्हणजे टार्गेट नेमबाजापेक्षा पाचपट उजळ. मागून चित्रीकरण करताना कॅमेरा ते उजळ टार्गेट बघून स्वतःच चित्र गडद करतो आणि नेमबाजाची नुसती काळी आकृती उरते. म्हणून उजेड आणि फोकस लॉक करता येणं ही सोप्या कॅमेऱ्याची पहिली कसोटी. बहुतेक फोनमध्ये नेमबाजाच्या जॅकेटवर बोट क्षणभर दाबून धरलं की दोन्ही लॉक होतात. लॉक केलं नाही तर मागून कोणी गेलं की फोकस त्याच्या मागे धावतो, आणि नेमका तोच शॉट धूसर निघतो.

कोणता कॅमेरा?

सुरुवात घरातल्या फोनने करावी. शक्यतो जुन्या, बाजूला पडलेल्या फोनने. त्यात ६० फ्रेम असतात, लॉक असतं, व्हिडिओ लगेच मागे-पुढे करून बघता येतो. एरोप्लेन मोड लावला की मध्येच आलेल्या फोनने रेकॉर्डिंग तुटत नाही. ‘अल्ट्रावाइड’ लेन्स मात्र टाळा, ती कडेच्या सरळ रेषा वाकवते. फोनचा खरा शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली तासभर रेकॉर्डिंग केलं की फोन तापून स्वतःच बंद पडू शकतो. फोनचं कव्हर काढा आणि पंख्याचा वारा त्यावर येईल असं बघा.

हँडीकॅम आता दुकानात कमी दिसतात, पण या कामाला ते आजही चोख आहेत. एक लाल बटण, बाजूला उघडणारी स्क्रीन, खराखुरा ऑप्टिकल झूम, मोठी बॅटरी लावायची सोय. स्टँडवर ठेवा, बटण दाबा, विसरून जा. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे चांगल्या स्थितीतला जुना हँडीकॅम मिळाला तर नाक मुरडू नका. घेताना फक्त ५० फ्रेमचा मोड आहे का, बॅटरी किती चालते आणि झूम करताना चित्र अडखळतं का हे तपासा. कमी उजेडात त्याचं चित्र थोडं खरखरीत येतं. ढब बघायला त्याने काही बिघडत नाही.

ॲक्शन कॅमेरा लहान आणि मजबूत, कुठेही अडकवता येतो. पण त्याचं मूळ काम धावत्या सायकलवरचं. त्याची लेन्स फार रुंद, तेव्हा ‘लिनियर’ मोड लावल्याशिवाय पाठीची रेषा खरी दिसत नाही. बंद खोलीत एका जागी ठेवला की वारा न लागल्याने तो तापतो. बॅटरीही पूर्ण फेरी टिकेल याची खात्री नसते. ट्रिगरच्या जवळच्या चित्रणासाठीही तो गैरसोयीचा, कारण फार जवळचं त्याला स्पष्ट दिसत नाही.

मिररलेस कॅमेऱ्याचं चित्र सगळ्यांत देखणं. पण ‘वापरायला सोपा’ ही अट तो पुरी करत नाही. बरीच जुनी मॉडेल २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचं शुल्क लागायचं, ते चुकवण्यासाठी कंपन्यांनी घातलेली ही मर्यादा. ७५ मिनिटांच्या फेरीत ती दोनदा आडवी येते. घरात असलाच तर वापरा, या कामासाठी मुद्दाम घेऊ नका.

भिवंडीत एक पाचवा पर्याय हमखास पुढे येतो. मानकोली, राहनाळ, काल्हेरची गोदामं सीसीटीव्हीने भरलेली, त्यामुळे ते बसवणारी माणसं गल्लोगल्ली. ‘साहेब, हाच लावून देतो, चोवीस तास रेकॉर्डिंग’ असा सल्ला मिळतो. पण सीसीटीव्हीचं काम कोण आला, कोण गेला हे दाखवायचं. तो बहुधा सेकंदाला १५ ते २५ फ्रेमवर चालतो आणि जागा वाचवण्यासाठी चित्र इतकं दाबतो की बोटाची हालचाल डागासारखी दिसते. सराव किती वेळ झाला हे त्यावरून कळेल. सराव कसा झाला, ते नाही.

तासभर हात न लावता

‘वापरायला सोपा’ याचा या खेळातला अर्थ बटणं कमी एवढाच नाही. एकदा चालू केल्यावर फेरी संपेपर्यंत त्याच्याकडे बघावं लागू नये, हा खरा अर्थ. नेमबाजाचं लक्ष कॅमेऱ्यावर गेलं तर जे टिपायचं तेच बदलतं.

त्यासाठी आधी वीज. तयारी आणि साइटरची (गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉटची) १५ मिनिटं, वर ७५ मिनिटं, म्हणजे दीड तास. चार्जिंग चालू असताना रेकॉर्डिंग होतं का ते बघा आणि पॉवर बँक स्टँडच्या पायाला बांधा. मग जागा. फोनवर १०८० पी आणि ६० फ्रेम लावल्यास मिनिटाला साधारण ९० ते १५० एमबी लागतात, म्हणजे दीड तासाला ८ ते १४ जीबी. तेच ४के लावलं तर मिनिटाला ४०० एमबीच्या आसपास जातात आणि दीड तासात ३६ जीबी भरतात. या कामाला १०८० पी भरपूर झालं. कार्ड लागणाऱ्या कॅमेऱ्यात ‘व्ही ३०’ छापलेलं कार्ड घ्या. ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, इथल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

आणि स्टँड. पैसे कमी पडत असतील तर कॅमेऱ्यात कमी करा, स्टँडमध्ये नको. हलका ट्रायपॉड कोणी शेजारून चाललं तरी थरथरतो, आणि मग व्हिडिओत डोलतोय तो नेमबाज की स्टँड, हे सांगता येत नाही. मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवली की बराच फरक पडतो. थ्री पोझिशन्सवाल्यांनी ट्रायपॉड किती खाली जातो तेही बघावं. त्या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. पालथ्या नेमबाजाला दीड मीटर उंचीवरून टिपलं तर फक्त टोपी आणि जॅकेटची पाठ दिसते.

मागांच्या वस्तीत आणखी एक काळजी. हवेत कापसाचे तंतू असतात, ते लेन्सवर बसले की उजेड पसरतो आणि चित्र दुधाळ होतं. शर्टाने पुसू नका, आधी हवेच्या पंपाने उडवा आणि मग चष्म्याच्या कापडाने पुसा. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

आवाजाचा उपयोग

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही, पण शॉट शोधायला तोच कामी येतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हिडिओखाली आवाजाची रेघ दिसते. शांत रेंजमध्ये एअर रायफलचा प्रत्येक शॉट त्या रेघेवर काट्यासारखा उभा राहतो. ६० शॉट म्हणजे ६० काटे. हव्या त्या शॉटवर दोन सेकंदांत जाता येतं. भिवंडीच्या घरात पलीकडच्या गाळ्यात माग चालू असतील तर त्या खडखडाटात हे काटे बुडतात, आणि ड्रायमध्ये तर ट्रिगरची नुसती टिचकी. अशा वेळी कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक बंदुकीजवळ ठेवला की काम होतं. पॉइंट टू टू किंवा बारा बोअरचा आवाज मात्र माइकवर फाटतो. तिथे आवाजाची पातळी कमी ठेवता आली तर ठेवा.

माइकचा दुसरा उपयोग ‘कॉल’ नोंदवायला. शॉट सुटल्यावर, मॉनिटर बघण्याआधी, तो कुठे गेला असं वाटतं ते नेमबाजाने हळू आवाजात बोलायचं: ‘नऊ, तीन वाजता.’ मग मॉनिटर बघायचा. कॉल आणि मॉनिटर जुळत असतील तर नजर नेमावर होती, चूक हाताची झाली. कॉल दहाचा आणि शॉट नऊचा गेला, तर शॉट सुटताना काहीतरी नजरेआड घडलं. बोटाने झटका दिला असेल, किंवा शॉट सुटताक्षणी मान वर आली असेल. नेमका तो शॉट स्लो-मोशनमध्ये बघण्याजोगा. हे सरावातच करायचं, स्पर्धेत बोलायचं नाही.

उघड्यावरचे प्रकार

शॉटगनच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये गणित थोडं बदलतं, कारण इथे लक्ष्यही उडतं. ११० मिलिमीटर व्यासाची चकती ट्रॅपमध्ये ७६ मीटरपर्यंत जाईल अशी फेकली जाते. कॅमेरा नेमबाजाच्या मागे, खांद्याच्या किंचित वर ठेवा आणि चित्र रुंद घ्या. दिवसाचा उजेड भरपूर असल्याने शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेता येतं, म्हणजे चकतीची रेघ होत नाही. तरीही बघायचं काय? ‘पुल’ म्हटल्यावर बंदूक चकतीच्या आधी निघाली की नंतर, आणि शॉटनंतर नळी चालू राहिली की तिथेच अडकली. कॅमेरा वीस मीटर मागे असेल तर आवाज चित्रापेक्षा सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागाने उशिरा पोहोचतो. ६० फ्रेमच्या व्हिडिओत ही तीन-चार फ्रेमची तफावत. म्हणून इथे शॉटचा क्षण आवाजावरून ठरवू नका, खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरून ठरवा. कॅमेऱ्याजवळ उभं राहणाऱ्यानेही कानांना आणि डोळ्यांना संरक्षण लावायचं.

स्पर्धेत

रेंजवर कॅमेरा काढण्याआधी रेंज ऑफिसरला विचारायचं, मग प्रशिक्षकांना. स्टँड प्रेक्षकांच्या जागेतच राहील. फ्लॅश चालत नाही. फोकससाठी पेटणारा तांबडा दिवा, रेकॉर्डिंगचा लुकलुकणारा दिवा आणि बटणांचे बीप, तिन्ही घरूनच बंद करून जा. शेजारच्या लेनमधलं मूल फ्रेममध्ये येत असेल तर त्याच्या पालकांना सांगा, आणि तो व्हिडिओ सरावापुरताच ठेवा.

बघायचं कसं

सगळा व्हिडिओ बघू नका. स्कोअरशीटवरून तीन चांगले आणि तीन वाईट शॉट निवडा. प्रत्येकाचे शॉटआधीचे दहा सेकंद आणि नंतरचे तीन सेकंद कापा. मग सहाही तुकडे एकामागोमाग बघा. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त डोकं, तिसऱ्यांदा फक्त बोट. घड्याळही लावा. बंदूक स्थिरावल्यापासून शॉट सुटेपर्यंत किती सेकंद गेले? चांगल्या शॉटना सात-आठ सेकंद लागत असतील आणि वाईटांना पंधरा, तर दोष ट्रिगरचा नाही. जास्त वेळ धरून ठेवल्याने हात आणि डोळा थकले. तिथे बंदूक खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायला शिकायचं असतं.

शॉटनंतरचे तीन सेकंद मुद्दाम सांगितले. ‘फॉलो-थ्रू’ म्हणतात ती हीच गोष्ट, शॉट सुटल्यावरही बंदूक, गाल आणि बोट जागच्या जागी राहणं. ही चूक नेमबाजाला स्वतःला कळत नाही, कारण त्या क्षणी त्याचं मन मॉनिटरकडे पळालेलं असतं. व्हिडिओत ती लगेच पकडता येते.

घरी सराव करताना एखादं ‘डिले’ ॲप लावता येतं. टॅबलेटवर जे घडतं ते दहा-पंधरा सेकंद उशिरा दिसतं. मूल ड्राय शॉट घेतं, बंदूक खाली ठेवतं, मान वळवून स्क्रीनकडे बघतं, तेव्हा तोच शॉट समोर सुरू होतो. रेकॉर्डिंग नाही, फाइल नाही, बटण नाही. लहान मुलांसाठी याहून सोपं काही नाही.

प्रशिक्षकांना तुकडा पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एरवी ते चित्र दाबतं आणि बोटाची हालचाल तिथेच पुसली जाते. सोबत तारीख, शॉटचा क्रमांक आणि मिळालेले गुण लिहा.

दुकानातली पाच मिनिटं

हे सगळं समजल्यावर दुकानात विचारायचे प्रश्न थोडे उरतात, आणि त्यांची उत्तरं विक्रेत्याच्या तोंडून न घेता कॅमेऱ्याकडूनच घ्यावीत. कॅमेरा काउंटरवर ठेवा. तीन मीटरवर कोणाला तरी बंदूक धरल्यासारखं उभं करा, त्याच्या मागे दुकानाचा दिवा येऊ द्या. फोकस आणि उजेड लॉक करा आणि एकाला मधून चालत जायला सांगा. चित्र बदललं तर तो कॅमेरा बाजूला ठेवा. मग ५० किंवा ६० फ्रेमवर एक मिनिट रेकॉर्ड करून बघा, दुकानाच्या ट्यूबलाइट लपकतात का. चार्जर लावून रेकॉर्डिंग चालतं का ते बघा. शेवटी कॅमेरा मुलाच्या हातात द्या आणि काही न सांगता रेकॉर्डिंग सुरू करून, थांबवून, तोच व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवायला सांगा. विचारल्याशिवाय त्याला ते जमलं तर किंमत विचारा. जमलं नाही तर घरचा जुना फोन आणि एक जड ट्रायपॉड घेऊन या वर्षीचा सराव सुरू करा, मोठा कॅमेरा पुढे बघता येईल.